पोर्श ९९६ साठी बॉशचे सेन्सर: आधी मोजा, मग डबा फोडा

पोर्श ९११ च्या ९९६ मॉडेलवर चेक इंजिनचा दिवा लागला की बहुतेक मालक पहिली ऑर्डर देतात ती एअर मास सेन्सरची, म्हणजे इंजिनात किती हवा जाते ते मोजणाऱ्या भागाची. बॉशचा हा सेन्सर उत्तमच आहे. पण काढून टाकलेला जुना सेन्सर कित्येकदा ठणठणीत असतो आणि दिवा चार दिवसांनी पुन्हा लागतो. म्हणून या परीक्षणात सेन्सर कसा आहे याच्या आधी तो तुम्हाला खरंच हवा आहे का, हे बघू.

इथे ३.४ लिटरची ३०० अश्वशक्तीची गाडी धरली आहे. एक गोष्ट ऑर्डरआधीच तपासा. सुरुवातीच्या गाड्यांत थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) केबलने उघडतो आणि मोट्रॉनिक ५.२.२ ही बॉशची इंजिन-नियंत्रण प्रणाली आहे. नंतरच्या ई-गॅस, म्हणजे केबलऐवजी विजेने थ्रॉटल उघडणाऱ्या, गाड्यांत एमई ७.२, आणि ३.६ लिटरला एमई ७.८. दिसायला सारखे वाटले तरी यांचे एअर मास सेन्सर वेगळे आहेत. चुकीचा सेन्सर नळीत छान बसेल, पण ईसीयू (इंजिनचा संगणक) त्याचे आकडे भलत्याच तक्त्यावरून वाचेल. जुन्या सेन्सरवर छापलेला बॉशचा दहा आकडी नंबर जुळवूनच घ्या.

पी ११२८ आणि पी ११३० हे कोड या गाडीवर नेहमी दिसतात. दोन्ही बँकांचं (इंजिनच्या दोन बाजूंच्या सिलिंडरांचं) मिश्रण लीन होतंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयूची भरपाई मर्यादेला टेकली आहे, एवढाच त्यांचा अर्थ. सेन्सर खराब आहे असं ते कुठेही म्हणत नाहीत. साध्या ओबीडी स्कॅनरवर लाइव्ह डेटा लावा आणि गरम इंजिनवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलमध्ये करत असलेली भरपाई, बघा. आयडलला ट्रिम बरीच प्लस, पण २५०० आरपीएमला शून्याकडे येते, तर कुठून तरी चोरून हवा आत येते आहे. फाटलेले रबरी बूट, सैल क्लॅम्प, ऑइल फिलर ट्यूब बघा, आणि ऑइल सेपरेटर (इंजिनच्या वाफेतलं तेल वेगळं करणारा भाग) तर नक्कीच. इंजिन आयडलवर असताना ऑइलचं झाकण ओढून निघत नसेल, तर सेपरेटरचा डायफ्राम फाटला आहे. अशा गाडीला नवा एअर मास सेन्सर म्हणजे शुद्ध खर्च.

चित्र उलटं असेल, म्हणजे आयडलला ट्रिम शून्याजवळ किंवा मायनस आणि लोडवर (इंजिनवर जोर असताना) प्लस, तर संशय सेन्सरवर घ्या. त्याचं कारण त्याच्या रचनेत आहे. आत सिलिकॉनचा अत्यंत पातळ पडदा आहे. तो तापवलेला असतो आणि वाहत्या हवेने किती थंड होतो त्यावरून हवेचं वजन काढलं जातं. पडद्यावर तेल-धुळीचा थर बसला की उष्णता नीट निघत नाही. मग जास्त हवा वाहत असतानाही सेन्सर कमी सांगतो, ईसीयू पेट्रोल कमी सोडतो आणि ४००० च्या वर गाडी पिकअप घेत नाही.

खात्री करायला दोन आकडे पुरतात. एसी बंद, इंजिन पूर्ण गरम: आयडलला साधारण साडेतीन ते पाच ग्रॅम प्रति सेकंद. मग बंद ट्रॅकवर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल देऊन ६८०० पर्यंत लॉग घ्या. अश्वशक्तीला ०.८ ने गुणलं की ढोबळ अपेक्षित आकडा मिळतो. ३०० ला सुमारे २४० ग्रॅम प्रति सेकंद. लॉगमध्ये १८०-१९० च येत असतील आणि लोडवरची ट्रिम प्लस असेल, तर सेन्सर गेला. ट्रिम ठीक असून आकडा कमी असेल तर सेन्सर खरं बोलतोय. फिल्टर चोंदला आहे किंवा थ्रॉटल पूर्ण उघडत नाही.

ई-गॅस गाडीवर मल्टिमीटरही लावून बघा. इंजिन बंद, इग्निशन चालू. पिन २ वर बॅटरीचा दाब, ४ वर ५ व्होल्ट, ३ अर्थ. पिन ५ वर हवा स्थिर असताना १ व्होल्टच्या आसपास. पिन १ इनटेकच्या तापमानाची, तिथला रोध २५ अंशांना २ किलोओहमजवळ. ५ व्होल्टच येत नसतील तर दोष वायरिंगचा. प्लग काढून गाडी चालवण्याची जुनी युक्तीही खरी आहे. प्लग काढल्यावर गाडी सुधारली तर सेन्सर खोटं सांगत होता. फक्त त्याने नवा कोड नोंदला जातो, तो नंतर पुसा.

बदलायचं काम पंधरा मिनिटांचं. एअर बॉक्स आणि थ्रॉटल बॉडीच्या मधल्या नळीत सेन्सर दोन टी-२० स्क्रूंवर बसतो. स्क्रूच्या मध्यभागी खुंटी असते, म्हणून भोक असलेला टॉर्क्स बिट लागतो. साध्या बिटने डोकं खराब होतं. ओ-रिंगला तेलाचं बोट फिरवा, बाण हवेच्या दिशेने ठेवा आणि स्क्रू हातानेच आवळा, कारण धरायला फक्त प्लॅस्टिक आहे. बॅटरी काढण्याआधी रेडिओचा कोड हाताशी ठेवा. ई-गॅस गाडीत बॅटरी जोडल्यावर पेडलला पाय न लावता इग्निशन एक मिनिट चालू ठेवा, मग दहा सेकंद बंद. थ्रॉटल आपली जागा पुन्हा शिकतो.

नव्या सेन्सरला मारणारी गोष्ट म्हणजे तेल लावलेला कापडी फिल्टर. तेल थोडंही जास्त झालं तर ते थेट पडद्यावर जातं. कागदी फिल्टर लावा. जुना सेन्सर धुऊन बघायला हरकत नाही, पण एअर मास सेन्सरसाठीच्या खास स्प्रेनेच, आणि पूर्ण वाळू द्या. कार्ब क्लीनर नको, कापसाची काडी तर अजिबात नको.

क्रँक सेन्सरबद्दल (इंजिनच्या क्रँकशाफ्टचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरबद्दल) मत सरळ आहे: बॉशचा एक आणून गाडीत ठेवा. गाडी गरम झाल्यावर बंद पडते, थंड झाल्यावर निमूट सुरू होते, आणि स्टार्टर फिरताना टॅकोची (आरपीएम मीटरची) सुई हलत नाही, ही त्याची खूण. आत तांब्याची कॉइल असते. तापली की तार आतून तुटते, निवली की पुन्हा टेकते. म्हणून थंड सेन्सरचा रोध बरोबर आला तरी फसू नका, हेअर ड्रायरने तापवून मोजा. तो बेलहाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या आवरणावर) एकाच बोल्टवर असतो, ५ मिमीची अॅलन की, १० न्यूटन-मीटर. हात मात्र चांगलाच आत घालावा लागतो.

ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) घेताना चार वायर जोडायचा युनिव्हर्सल प्रकार टाळा, गाडीच्याच प्लगचा घ्या. हा सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरींच्या आतून ओढतो, आणि सोल्डरने ती वाट बंद होते. युनिव्हर्सल घेतलाच तर सोबतचे क्रिंप वापरा. २२ चा पाना, ५० न्यूटन-मीटरच्या आसपास. आटे गंजले असतील तर इंजिन थोडं कोमट असताना सोडवा.

नाशिकच्या डिझेल इंजेक्टरांमुळे बॉश हे नाव आपल्याकडे घरचं आहे, आणि नक्कल करणाऱ्यांनाही ते तितकंच आवडतं. पोर्शच्या डब्यात येतो तोही बॉशचाच भाग, फक्त महाग. अगदी स्वस्तात ‘ओरिजिनल’ मिळत असेल तर बसवल्याच्या दिवशीच वरचे दोन आकडे मोजा. नकली सेन्सर आयडलला सहसा पास होतो. तो उघडा पडतो तो ६८०० आरपीएमला, तेव्हा परत करायची मुदत संपण्याआधी तो लॉग घ्याच.