धडगाव तालुक्यातली आश्रमशाळा : 5 पैकी 3 स्टार, त्यातले 2 वसतिगृहाचे

शाळेचं नाव टाकत नाही, तिथल्या सरांना उगाच ताप नको. माझा भाचा पहिलीपासून तिथे आहे, आता तिसरीत. आमच्याकडे दिवाळी झाली की निम्मा पाडा गुजरातला ऊसतोडीला जातो, मग पोराला शिकवायचं तर निवासी शाळेशिवाय दुसरं काय करणार. राहणं, जेवण, पुस्तकं फुकट, त्याबद्दल तक्रार नाही. गणवेश-वह्यांचे पैसे डीबीटीने खात्यात येतात म्हणे, पण खात्याला आधार पाहिजे, आधारला जन्मदाखला पाहिजे आणि पोरगं जन्मलं घरी, त्यामुळे बहिणीची किती मजुरी बुडाली ते विचारूच नका. पैसे आले तोवर पावसाळा संपला होता.

खरी बोंब शिकवण्यात. घरी पावरी, म्हणजे आमची आदिवासी बोली, वर्गात पहिल्या दिवसापासून मराठी. सर जळगावकडचे, माणूस चांगला, पण पावरीचा एक शब्द येत नाही. भाचा बाजारात अमचूरचा हिशोब तोंडी करतो, तोच फळ्यावर शाब्दिक उदाहरण आलं की गप्प बसतो, आणि गप्प बसला म्हणजे ढ, असा शेरा प्रगतिपुस्तकात. आता घटनेत 350 अ कलम 1956 पासून आहे, प्राथमिकला मातृभाषेतून शिकवायची सोय करा म्हणून, 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शक्य तिथे पाचवीपर्यंत घरची भाषा लिहिलीय. लिहायला काय जातंय! नर्मदाकाठच्या, नर्मदा बचाव आंदोलनाने काढलेल्या जीवनशाळांत 1990 च्या दशकापासून गावातलीच पोरं मास्तर होऊन पावरी-भिलोरीतून शिकवतात, म्हणजे जमत नाही असं नाही.

इथेही एक बाई होत्या आमच्या भागातल्या, पोरं त्यांच्यासमोर धडाधड बोलायची. पण रोजंदारीवर. 2025 ला बाहेरच्या एजन्सीकडून भरती करायचं ठरलं, रोजंदारीवाले नाशिकला आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड आंदोलनाला बसले, बाई पण गेल्या, आणि इकडे दुसरीचा नि तिसरीचा वर्ग एकत्र बसवला. अधीक्षिका मॅडम मात्र चांगल्या आहेत हां, पोराला ताप आला तर रात्री स्वतः दवाखान्यात नेतात, तिसरा स्टार त्यांचा.

आठवीच्या पुढचं पोरगं असेल तर बिनधास्त टाका. पहिलीला टाकताय तर आधी वर्गात जाऊन बघा, पावरी बोलणारं कोणी आहे का.