नवोदयचं सराव पुस्तक : आठ महिने वापरल्यानंतर

लेक पाचवीत गेली तेव्हा तालुक्याच्या दुकानातून जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेचं हे जाडजूड सराव पुस्तक आणलं. प्रकाशकाचं नाव मुद्दामच लिहीत नाही.

बुद्धिमत्तेच्या भागाने पैसे वसूल केले. परीक्षेत 80 पैकी 40 प्रश्न आणि 100 पैकी 50 गुण याच भागाचे, आणि सगळे आकृत्यांवरचे: आरशातली प्रतिमा, लपलेली आकृती, घडी घालून भोक पाडलेला कागद. हे घडीचे प्रश्न तिच्या डोक्यावरून जायचे. मग जुन्या वहीची पानं दुमडून कर्कटकाने भोकं पाडायला बसलो. आठवडाभर घरात जिकडेतिकडे चाळणी झालेले कागद! पण नंतर न दुमडताच उत्तर सांगायला लागली.

अंकगणितात मात्र या पुस्तकाने रडवलं. ऑक्टोबरात एका संचात 20 पैकी 11 बरोबर. मी चिडले, नको ते बोलले. रात्री स्वतः गणितं सोडवली तर उत्तरसूचीतच चार उत्तरं चुकीची. पोरीने लसाविचं आपलं बरोबर उत्तर कागद फाटेस्तोवर खोडून त्यावर पुस्तकातलं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी उत्तरसूचीची पानं स्टेपल केली. आधी ‘असंच का’ ते तिने मला सांगायचं, मगच पिना काढायच्या.

उत्तरपत्रिकेचे नमुने फक्त दोन, झेरॉक्स काढा. आणि त्यावरचे उत्तरांचे गोल बॉलपेननेच भरायला लावा, परीक्षेत पेन्सिल चालत नाही. एकदा तिने एक प्रश्न सोडला आणि पुढचे सगळे गोल एकेक घर वर सरकले. तेव्हापासून प्रश्न सोडवला की लगेच गोल, शेवटी एकदम नाही. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे दोन तासांत एकही गोल रिकामा ठेवायचा नाही.

पुस्तक घेण्याआधी घरात एक बोलणं उरकून घ्या, आमच्याकडे ते फार उशिरा झालं. नवोदय ही निवासी शाळा आहे. नववीत काही मुलांना वर्षभर परराज्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात. हे कळल्यावर सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. परीक्षा एकदाच देता येते, म्हणून ‘बघू पुढच्या वर्षी’ हा मार्गही नसतो.

पाचपैकी तीन तारे. केंद्राच्या फाटकाशी लेकीने हळूच विचारलं, “आई, यांची उत्तरसूची तरी बरोबर असेल ना?”