पाउच आर्म स्लिंग: कापड नंतर बघा, आधी माप घ्या

हाताला प्लास्टर असो की ऑपरेशननंतरची पट्टी, घरी आल्यावर दिवसभर अंगावर राहते ती गळ्यातली झोळी. आम्ही इथे साध्या पाउच स्लिंगबद्दल लिहितो आहोत: कोपरापासून तळहातापर्यंतचा कापडी पाउच, एक पट्टा आणि बक्कल किंवा वेल्क्रो. मनगट, कोपर आणि त्यामधल्या हाडांच्या दुखापतीत ती छान काम करते.

दंडाचं हाड मधोमध मोडलं असेल तर मात्र ती आपल्या मनाने घालू नये. अशा वेळी बहुधा फक्त मनगट गळ्यात अडकवणारी कॉलर-कफ देतात, कारण कोपर मोकळं लोंबकळत राहिलं की हाताच्या वजनाने हाड सरळ रेषेत राहायला मदत होते. पाउच नेमकं कोपरालाच खालून वर उचलतो. दिसायला जास्त आरामदायक म्हणून कॉलर-कफ काढून पाउच घालणं ही चांगल्या हेतूने केलेली चूक आहे.

पाउचबद्दलच्या बऱ्याचशा तक्रारी मापाच्या असतात. कोपर काटकोनात वाकवून कोपराच्या मागच्या टोकापासून करंगळीच्या मुळापर्यंत टेपने मोजा. प्लास्टर असेल तर प्लास्टरवरून मोजा. पाउच आखूड निघाला तर त्याची कड मनगटाखाली येते, तळहात बाहेर लोंबतो आणि संध्याकाळपर्यंत बोटं सुजतात. फार लांब असेल तर बोटं आत झाकली जातात आणि नखांचा रंग दिसत नाही. ‘मीडियम’ किंवा ‘लार्ज’ या शब्दांवर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असतं.

घालताना आधी पट्टा पूर्ण सैल करा. दुखऱ्या हाताला चांगल्या हाताचा आधार देऊन पाउच मागे ओढा, कोपर त्याच्या कोपऱ्याला टेकलं पाहिजे. तिथे पोकळी राहिली की हात पुढे सरकलेला राहतो आणि मनगट पुन्हा कडेवर येतं. मग उभं राहून पट्टा आवळा. तळहात कोपरापेक्षा दोन-तीन बोटं वर हवा. खांदा कानाकडे उचललेला दिसला तर पट्टा जास्त घट्ट झालाय. अंगठ्यासाठी छोटी पट्टी असेल तर ती जरूर वापरा, मनगट घसरत नाही.

पैसे जास्त द्यायचेच असतील तर पट्ट्यासाठी द्या. एका हाताचं वजन शरीराच्या साधारण 5 टक्के असतं, म्हणजे 60 किलोच्या माणसाचा हात सुमारे 3 किलोचा, वर प्लास्टर वेगळं. हे सगळं अरुंद पट्ट्याने मानेच्या एकाच जागी टांगलं तर दोन दिवसांत मान धरते. रुंद, सरकवता येणारी गादी असलेला आणि पाठीवरून तिरका जाऊन दुसऱ्या खांद्यावर बसणारा पट्टा सर्वांत चांगला. बक्कल समोर हवं, नाहीतर एका हाताने उघडता येत नाही.

फोमचं अस्तर हाताला मऊ लागतं, पण आत घाम साचतो. जाळीदार कापड हवेशीर असतं, मात्र त्याची शिवण कोपराला घासते का ते बघून घ्या. कोपराच्या आतल्या बाजूला शिवण दाबत राहिली तर करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. तिथून जाणारी नस अगदी कातडीखाली असते. जागा बदलून, मऊ कापड ठेवून मुंग्या गेल्या नाहीत तर डॉक्टरांना सांगा. काखेत सुती रुमालाची घडी ठेवा आणि ती ओली झाली की बदला.

झोपेत ही स्लिंग कमी पडते. पाठीला उशा लावून अर्धवट बसतं झोपावं आणि दंडाखाली घडी केलेली चादर ठेवावी, म्हणजे कोपर अंगाच्या मागे पडत नाही. सूज उतरवण्यासाठीही पहिले दोन-तीन दिवस स्लिंगपेक्षा उशाच उपयोगी: आडवं होऊन हात छातीपेक्षा उंच. बोटं हलवायला मनाई नसेल तर जागेपणी दर तासाला दहा वेळा पूर्ण मूठ करून पूर्ण उघडा. दिवसभर झोळीत गप्प पडलेली बोटं फार लवकर आखडतात, आणि मग मनगट बरं होऊनही पेला धरवत नाही.

बोटं पांढरी किंवा निळसर पडली, बधिर झाली, औषध घेऊनही दुखणं वाढत गेलं किंवा दुसऱ्या हाताने बोटं सरळ करताना असह्य कळ आली, तर पट्टा सैल-घट्ट करत बसू नका. आत दाब वाढून रक्तपुरवठा अडत असू शकतो, ताबडतोब रुग्णालय गाठा.

एकाऐवजी दोन स्लिंग घ्याव्यात, एक धुवायला टाकता येते. धुताना वेल्क्रो बंद ठेवा, नाहीतर त्यात सुतं अडकतात आणि पकड जाते. अडकलीच तर जुन्या टूथब्रशने निघतात.