लातुरात एकाच फायबरवर केबल आणि नेट: काही महिन्यांच्या वापरानंतर

इथल्या केबल कंपनीचं टीव्ही आणि नेट एकाच फायबरवर येतं. ओएनयूला (घरात फायबर जिथे येऊन जोडतात त्या डब्याला) दोन तोंडं: एकातून लॅन म्हणजे नेटची वायर, दुसऱ्यातून सेट टॉप बॉक्सची कोॲक्स म्हणजे टीव्हीची जाड केबल. नेटचा वेग ठरल्याप्रमाणे मिळतो, रात्री गर्दीच्या वेळीही. दुखणं आहे ते खांबापासून घरापर्यंतच्या वायरीचं.

नेट व्यवस्थित चालू, पण टीव्हीवर चित्राचे चौकोन होऊन अडकतंय? बॉक्स बदलायची घाई करू नका. नेट १४९० नॅनोमीटरच्या प्रकाशावर येतं, टीव्ही १५५० वर. वायर कुठे मुडपली की लांब लहरीचा प्रकाश आधी गळतो, शिवाय टीव्हीला प्रकाश लागतोही जास्त. म्हणून पहिला फटका चित्राला बसतो. खिडकीच्या फटीत दाबलेली, खिळ्याला आवळलेली वायर आधी मोकळी करा. वळण तळहाताएवढं रुंद ठेवा.

ओएनयूवरचा एलओएसचा लाल दिवा लुकलुकतोय म्हणजे प्रकाशच येत नाही. वायर तुटलीय, खारीनं कुरतडलीय किंवा रस्ता खोदताना पुढची लाइन गेलीय. पीओएनचा, म्हणजे कंपनीशी जोडणी दाखवणारा, हिरवा दिवा स्थिर आणि तरी नेट नाही, तर आधी रिचार्ज बघा.

जोडणी करतानाच प्रकाश मोजणाऱ्या पॉवर मीटरचं रीडिंग मागून घ्या, हे सगळ्यांना कळकळीनं सांगणं आहे. १४९० वर उणे २० डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीचं माप) आसपास छान. उणे २७ च्या खाली बहुतेक ओएनयू हात टेकतात. उणे २६ वर दिलेलं कनेक्शन घेऊच नका, टोकावर जरा धूळ बसली की ते बंद पडणार. एक-आठचा स्प्लिटर, म्हणजे एका फायबरचा प्रकाश आठांत वाटणारा, साडेदहा डीबीच्या आसपास खातो. गल्लीत नवी घरं जोडताना मधेच आणखी एक बसवला की जुन्या गिऱ्हाइकांचं रीडिंगही घसरतं. हिरवं टोक निळ्या कनेक्टरशी जोडू देऊ नका, दोन्हींच्या टोकाची घासणीच वेगळी. आणि उघड्या टोकात डोळा घालून कधीही बघू नका.

अवकाळीच्या वाऱ्यात वीज जातेच. ओएनयूसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या. ॲम्पिअर ॲडॉप्टरवर लिहिलेले बघूनच. कंपनीच्या नोडला (जिथून तुमची लाइन येते त्या यंत्रांना) बॅकअप किती, तेही विचारा. तिकडची बॅटरी उतरली तर घरच्या यूपीएसचा उपयोग शून्य.

शेतावरचा किंवा दुकानाचा सीसीटीव्ही मोबाइलवर बघायचा असेल तर राउटरचा वॅन आयपी, म्हणजे कंपनीनं राउटरला दिलेला पत्ता, तपासा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानंही सुरू होत असेल तर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत वाट काढून देणं) चालणार नाही. डीव्हीआरचं (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याचं) क्लाउड ॲप वापरा, नाहीतर जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, मागा.