पाँटून: फोमचे की हवेचे?

पाँटूनमध्ये, म्हणजे बोटीला खालून तरंगत ठेवणाऱ्या पत्र्याच्या बंद पोकळ नळ्यांमध्ये, फोम भरला की बोट जास्त तरंगते, असं ठासून सांगितलं जातं. ते खरं नाही. बोट तरते ती पाणी बाजूला सारल्यामुळे. उलट 1 घनमीटरच्या पाँटूनमध्ये फोम भरला, तर साधारण 30 किलो वजन वाढतं. फोमचा खरा उपयोग पत्रा फाटल्यावर: आत पाणी शिरायला जागाच नसते. कोकणातल्या खाडीत, कालवं चिकटलेल्या खडकांना घासत जाणाऱ्या बोटीसाठी मी फोमच घेईन. पण चांगल्या प्रतीचाच. हलक्या प्रतीचा फोम वर्षानुवर्षं ओल धरतो, आणि वेल्डिंग करायची वेळ आली की आधी तो उकरून काढावा लागतो.

तापोळ्यासारख्या ठिकाणी, धरणाच्या शांत पाण्यात हवेचे पुरेत. मात्र आत वेगवेगळे कप्पे आहेत का, प्रत्येक कप्प्याला पाणी काढायचं बूच आहे का, हे वाकून बघाच.