सहावी ते आठवीचे गणित शिक्षक: शिबिर, दीक्षा, शिक्षण परिषद की वर्गातली सोबत?

मे संपत आला की फोन सुरू होतात. कधी एखाद्या संस्थेचे सचिव, कधी नव्यानं रुजू झालेले केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी, कधी मुख्याध्यापक. विचारणा साधारण एकच असते: "सर, उच्च प्राथमिकचं गणित लई कच्चं आहे. यंदा शिक्षकांसाठी काहीतरी करायचंय. शिबिर घ्यावं, की कुणाला तरी नियमित शाळांवर पाठवावं?" बालाघाटाच्या डोंगरातल्या शाळांवर गणिताचा साधनव्यक्ती म्हणून, म्हणजे शिक्षकांना विषयात मदत करणारा म्हणून, मी बरीच वर्षं फिरलो. शिबिरं घेतली, शिक्षकांच्या दरमहा भरणाऱ्या शिक्षण परिषदेत तास घेतले, मागच्या बाकावर बसून पाठही पाहिले. या प्रत्येक वाटेनं काय हाती लागतं आणि काय लागत नाही, ते जूनच्या आत ठरवायला उपयोगी पडावं म्हणून लिहितो आहे.

आधी ज्यांच्यासाठी हे करायचं ते शिक्षक पाहा. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे सहावी ते आठवीला विज्ञान आणि गणित मिळून किमान एक शिक्षक असावा लागतो. म्हणजे आपल्या जिल्हा परिषद शाळेतले गणिताचे पदवीधर शिक्षक बहुतेक वेळा विज्ञानाचेही असतात, आणि त्यांची पदवी वनस्पतिशास्त्राची किंवा प्राणिशास्त्राची असू शकते. त्यांनी स्वतः गणित बारावीला शेवटचं केलेलं असतं, काहींनी तर दहावीलाच. शाळेत त्याच विषयाचं दुसरं कुणी नसतं, त्यामुळे अडलं तर विचारायचं कुणाला हा प्रश्न असतोच. वर पोषण आहाराच्या नोंदी, युडायससाठी शाळेची सरकारी आकडेवारी भरणं, बीएलओ म्हणून मतदार यादीचं काम. या माणसाला गणित येत नाही असं समजून सुरुवात केली तर पुढचं सगळं फसतं. त्यांना बऱ्याचदा गणित येतं. मूल ते कसं समजतं आहे हे पाहायला सवड नसते आणि जोडीला कुणी नसतं.

भूम तालुक्यातल्या एका शाळेतला तास सांगतो. तिकडे घरोघरी दूध, खव्याच्या भट्ट्या. सहावीचा वर्ग, अपूर्णांकांचा भागाकार. मॅडमनी "दुसरा उलटा करा आणि गुणा" हा नियम नीट शिकवला होता, मुलं फळ्यावर बरोबर उत्तरं काढत होती. मग एका मुलीनं विचारलं, "भागल्यावर संख्या वाढली कशी?" मॅडम क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "नियम तसाच आहे." मधल्या सुट्टीत आम्ही दोघं बोललो. भागाकाराचे दोन अर्थ असतात, एक वाटणीचा आणि एक मापाचा. अर्ध्या माणसात वाटणी करता येत नाही, पण अर्ध्या लिटरच्या मापानं मोजता येतं. सुट्टीनंतर मॅडमनी विचारलं, "दीड लिटर दूध, पाव लिटरचं माप, किती मापं?" फळ्यावर काही लिहायच्या आत अर्ध्या वर्गानं "सहा" म्हणून सांगितलं. त्या मुलीचा चेहरा उजळला. रोज डेअरीवर हेच तर होतं.

पुढचं उदाहरण मॅडमनी स्वतःच घेतलं: पाऊण लिटर दूध, अर्ध्या लिटरचं माप. एक पोरगा म्हणाला, "एक माप भरलं, पाव लिटर उरलं. एक आन पाव, सव्वा." नियमानं काढलं तर उत्तर दीड येतं. पोरगा हटेना. "सव्वाच व्हतंय, दीड कसं?" त्याचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. पाव लिटरच उरलं होतं. पण उत्तर मापांत सांगायचं आहे, आणि पाव लिटर म्हणजे अर्धं माप. मॅडमना हे त्या क्षणी सुचलं नाही, मलाही लगेच नाही. मी मागून एवढंच म्हणालो, "उरलेलं त्याच मापात ओतून बघा ना, कुठवर येतं." पाण्याची बाटली आणि खूण केलेला पेला आला. पेला अर्धा भरला. पोरगा म्हणाला, "आता दीड."

हा "सव्वा" डोक्यात ठेवा. पुढची सगळी तुलना मी त्याच्यावर घासून पाहणार आहे.

पहिली वाट शिबिराची. राज्यस्तरावर तज्ज्ञ तयार होतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्ह्याचे तालुक्याला, आणि तालुक्याचं गटसाधन केंद्र शिक्षकांना. नवं पाठ्यपुस्तक किंवा नवी मूल्यमापन पद्धत आली की याला पर्याय नाही. सगळ्यांना एकाच आठवड्यात एकच गोष्ट कळते. पण प्रत्येक पायरीवर थोडं सांडतं. राज्यावर "मुलं काय चुकतील याचा विचार करा" असं सांगितलेलं असतं, तालुक्याला पोचेपर्यंत त्याची एक स्लाइड झालेली असते. शिबिरात मापाचा भागाकार दाखवता येईल, शिक्षकही माना डोलावतील. "सव्वा" मात्र तिथे येणार नाही, कारण तो पोरगा तिथे नसतो. मला शिबिरं नकोशी आहेत असं नाही. वर्षातून एक, तेही दोन दिवसांचं आणि एकाच घटकावर, उदाहरणार्थ फक्त पूर्णांक संख्यांच्या क्रिया, असं घेतलं तर पुढच्या कामाला भाषा मिळते. पाच दिवसांत सहावी ते आठवीचा सगळा अभ्यासक्रम उरकायचा घाट घातला, तर फार काही हाती लागत नाही.

दुसरी वाट मोबाइलवरची. दीक्षा हा शिक्षकांसाठीचा सरकारी ऑनलाइन मंच २०१७ ला आला, निष्ठा हे सरकारी शिक्षक प्रशिक्षण २०१९ ला सुरू झालं आणि कोरोनात तेही ऑनलाइन झालं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं शिक्षकानं दरवर्षी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे, आणि त्यातले बरेच तास आता इथेच भरले जातात. या वाटेचा एक मोठा फायदा क्वचितच कुणी बोलून दाखवतं: इथे लाज आड येत नाही. बैजिक राशींचा गुणाकार आपल्यालाच नीट येत नाही हे चारचौघांत कबूल करणं पंधरा वर्षं नोकरी झालेल्या माणसाला जड जातं. रात्री घरी एकट्यानं व्हिडिओ थांबवत, मागे नेत पाहता येतो. तोटा सगळ्यांना माहीत आहे: प्रमाणपत्राची तारीख जवळ आली की व्हिडिओ एकीकडे चालू आणि हातात दुसरं काम. किनवट-माहूरकडच्या काही तांड्यांवर तर रेंजसाठी टेकाडावर जावं लागतं. विषयज्ञानासाठी ही वाट घ्या. वर्गातलं वागणं तिनं बदलेल अशी अपेक्षा ठेवू नका.

तिसरी, केंद्राची शिक्षण परिषद. केंद्रात साधारण दहा-बारा शाळा, महिन्यातून एकदा सगळे एकत्र. यंत्रणा तयार आहे, वेगळा खर्च नाही, म्हणून माझं हिच्यावर जास्त प्रेम आहे आणि तिच्याबद्दल खंतही जास्त आहे. परिपत्रकांचं वाचन, माहितीचे तक्ते, सत्कार, आणि विषयाला शेवटची चाळीस मिनिटं. तेव्हा माणसं एसटीच्या वेळेकडे बघत असतात. पण एका केंद्रात आम्ही एक साधी अट घातली: गणिताच्या प्रत्येक शिक्षकानं एका मुलाची एकच वही आणायची, चुकलेलं गणित असलेली. व्याख्यान नाही. वही मधे ठेवायची आणि विचारायचं, या मुलानं असा विचार का केला असेल? पहिल्या बैठकीला सगळ्यांनी हुशार मुलांच्या वह्या आणल्या. तिसऱ्या बैठकीपासून खऱ्या वह्या यायला लागल्या. उणे ३ मधून उणे ५ वजा करताना उणे ८ लिहिणारी मुलं पाच शाळांत निघाली, आणि ही आपल्याच वर्गाची कमजोरी नाही हे कळल्यावर लोक मोकळं बोलायला लागले. "सव्वा" इथे पोचू शकतो, पण महिनाभरानं, आणि त्या मुलानं तो वहीत लिहिला असेल तरच.

चौथी वाट वर्गातल्या सोबतीची. कुणीतरी जाणकार नियमित त्याच शिक्षकांकडे येतो, पाठाआधी बोलतो, पाठ पाहतो, पाठानंतर बोलतो. वाचताना सोपं वाटतं. करताना सगळ्यात अवघड हेच आहे, आणि माझं मत विचाराल तर गणितात फरकही यानंच पडतो.

कसं चालतं ते नीट सांगतो, कारण याच नावाखाली बऱ्याच ठिकाणी तपासणी चालते. पाठाआधी वीस मिनिटं. त्यात टाचण, म्हणजे शिक्षकानं लिहिलेली पाठाची तयारी, तपासायचं नाही. दोनच गोष्टी विचारायच्या, आज मुख्य प्रश्न कोणता विचारणार आणि मुलं कोणतं चुकीचं उत्तर देतील असं वाटतं. पाठ चालू असताना मागे बसून मुलांचे शब्द लिहायचे, जसेच्या तसे. शिक्षकांच्या चुका लिहायच्या नाहीत. पाठानंतर त्याच दिवशी पुन्हा वीस मिनिटं, मुलांचे ते शब्द समोर ठेवून. शेवटी बदल एकच ठरवायचा, पुढच्या भेटीपर्यंत करून बघता येईल एवढा. पाच सूचना दिल्या की एकही होत नाही.

आणि शेरेबुकाला, म्हणजे भेटीला आलेले अधिकारी शेरा लिहितात त्या वहीला, हात लावायचा नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी ही चूक केली. एका गुरुजींचा समीकरणांचा पाठ पाहिला, चांगली चर्चा झाली, आणि जाताना सवयीनं शेरेबुकात लिहिलं: "मुलांना बोलण्याची संधी वाढवावी." हेतू चांगला होता. पुढच्या भेटीला गुरुजींनी आधीच शिकवून झालेला पाठ पुन्हा घेतला, ठरावीक चार मुलांनी ठरलेली उत्तरं दिली. त्या वर्गात मला पुन्हा कधी खरा पाठ दिसला नाही. तेव्हापासून माझं पक्कं मत आहे की सोबत करणारा आणि तपासणी करणारा एकच माणूस नसावा. केंद्रप्रमुखांना दोन्ही करावं लागत असेल, तर निदान दिवस वेगळे ठेवावेत आणि आज मी कशासाठी आलोय हे गाडीवरून उतरतानाच सांगावं.

याला आधार माझ्या अनुभवाचाच आहे असं नाही. मॅथ्यू क्राफ्ट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अशा प्रकारच्या सोबतीवरचे ६० अभ्यास एकत्र करून तपासले. शिकवण्याच्या पद्धतीत चांगली सुधारणा दिसली, मुलांच्या गुणांतही, तिथे कमी. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. त्यातले बहुतेक अभ्यास वाचन-लेखनावरचे होते, गणिताचे थोडे. आणि तोच कार्यक्रम शेकडो शिक्षकांपर्यंत ताणला की परिणाम उतरत गेला. म्हणून "जिल्हाभर सोबत" अशी घोषणा ऐकली की मला काळजी वाटते. एवढी चांगली माणसं आणायची कुठून?

हिशेब करून पाहा. एका माणसाकडे १२ शिक्षक, प्रत्येकाकडे पंधरवड्यातून एक भेट. जाणं-येणं धरून भेटीला अर्धा दिवस, म्हणजे पंधरवड्याच्या बारा कामकाजाच्या दिवसांपैकी सहा दिवस. ज्याच्याकडे बाकी कामं आहेत त्याला हे कसंबसं जमतं. पाटोदा किंवा आष्टीकडच्या डोंगरी वस्त्या असतील तर आठच शिक्षक धरा. ४० शिक्षक दिले की भेट महिना-दीड महिन्यावर जाते, आणि मग ती पुन्हा तपासणीच होते.

आता ठरवायचं कसं. संस्थेच्या तीन-चार शाळा असतील आणि एखादे निवृत्त, गणितात पक्के, स्वभावानं ऐकून घेणारे शिक्षक मिळत असतील, तर पैसा त्यांच्या मानधनावर आणि पेट्रोलवर खर्च करा, शिबिराच्या मंडपावर नको. "ऐकून घेणारे" यावर माझा भर आहे. गणितात सोन्यासारखी, पण दोन मिनिटांत खडू स्वतःच्या हातात घेणारी माणसं मी पाहिली आहेत. खडू गेला की शिक्षकाचा वर्गही जातो.

तुम्ही केंद्रप्रमुख असाल आणि हाती पैसा नसेल, तर शिक्षण परिषदेत गणिताच्या शिक्षकांना पहिला तास द्या, शेवटचा नाही, आणि वहीची अट घाला. सोबतीसाठी सगळे शिक्षक घेऊ नका. ज्यांना स्वतःहून हवं आहे असे दोघं-तिघं घ्या, वर्षभर त्यांच्याकडेच जा. शनिवारची सकाळची शाळा सुटली की शेजारच्या गावचे दोन शिक्षक एकत्र बसून सोमवारचा पाठ आखू शकतात. जपानमध्ये शिक्षक एकत्र पाठ आखून एकमेकांचे वर्ग पाहतात, ती पद्धत शंभरेक वर्षांची आहे. आपल्याला निदान आखण्यापासून सुरुवात करता येईल.

शाळेत गणिताची जागाच रिकामी असेल तर यातलं काहीच घेऊ नका. आधी माणूस मागा, पाठपुरावा करा. सामाजिक शास्त्राच्या शिक्षकांवर तात्पुरतं गणित आलं असेल, तर त्यांना मूल्यमापनाची भीती न घालता दीक्षावरचा एकेक घटक आणि फोनवर विचारता येईल असा एक माणूस, एवढं द्या. ते फार वेळा निष्ठेनं करतात.

वेळापत्रक मात्र आपल्या भागाचं ठेवा. ऊसतोडीच्या गावांत दिवाळीच्या सुमारास पट कमी होतो, हंगामी वसतिगृहात राहिलेली मुलं आजी-आजोबांच्या भरवशावर शाळेत येतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये कारखान्यांवरून परतलेली मुलं वर्गात बसतात तेव्हा गुणोत्तर-प्रमाण शिकवून झालेलं असतं. सोबतीच्या भेटी जुलै ते सप्टेंबर दाट ठेवा, नोव्हेंबर-डिसेंबरात विरळ, आणि मार्चमध्ये पुन्हा दोन तरी राखून ठेवा. परत आलेल्या मुलांना काय येतं हे त्या वेळी शिक्षकासोबत बसून पाहायचं. या मुलांना चाचणीच्या कागदावर काही लिहिता आलं नाही म्हणून त्यांना काहीच येत नाही असं धरू नका. फडावर मोळ्या आणि उचलीचा, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेल्या पैशांचा, हिशेब त्यांनी ऐकलेला असतो, कधी स्वतः केलेला असतो. एका सातवीच्या पोरानं मला हजाराला किती कापले आणि हातात किती आले ते बोटांवर सांगितलं होतं. त्याच्या वहीत शेकडेवारीचं पान कोरं होतं. मार्चमधल्या भेटीला जाल तेव्हा गुरुजींना आधी तो हिशेब फळ्यावर मांडायला सांगा, पाठ्यपुस्तकातलं पान नंतर उघडा.