औषध दुकानातली स्टॉक मोजणी: लेझर स्कॅनर की टूडी?

मार्चअखेर आली की स्टॉक मोजायला स्कॅनर शोधणाऱ्या औषध दुकानदारापुढे साधारण दोन पर्याय असतात. लेझर स्कॅनर स्वस्त असतो आणि उभ्या रेघांचा बारकोड झटकन वाचतो. फक्त त्याची लाल रेघ कोडवर नीट आडवी पडायला हवी. टूडी स्कॅनर म्हणजे मुळात छोटा कॅमेराच. खोका कसाही धरा, रेघा असोत की क्यूआर, दोन्ही वाचतो.

स्टेशनरीचं दुकान असतं तर मी लेझरच सुचवला असता. औषधांचं तसं नाही. ८९० ने सुरू होणारा नेहमीचा १३ अंकी कोड फक्त वस्तू ओळखतो; बॅच आणि एक्सपायरी त्यात नसतेच, ती हाताने टाइप करत बसावं लागतं. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० औषध-ब्रँडांवर सक्तीच्या झालेल्या कोडमध्ये मात्र ही दोन्ही असतात. तो क्यूआर असेल तर लेझर हात टेकतो.

म्हणून इथे टूडीच. पण पैसे मोजण्याआधी बिलिंग सॉफ्टवेअरवाल्याला गाठा: क्यूआरमधली लांबलचक माहिती सॉफ्टवेअर वेगवेगळ्या रकान्यांत भरतं का? नाहीतर सगळा मजकूर आयटम कोडच्या रकान्यात जाऊन पडतो आणि मोजणी तिथेच अडते. शिवाय पट्टीवर जागा नसेल तर कोड बाहेरच्या खोक्यावर छापायची मुभा कंपन्यांना आहे. अशा सुट्या पट्ट्यांची बॅच दोन्ही स्कॅनर असले तरी चष्मा लावूनच वाचायची.